चाळीस पावलांचा हिवाळा

आज सकाळी एसी बंद केला आणि खिडकी उघडली. शारजाच्या अल नहदातल्या आमच्या सातव्या मजल्यावर हा वर्षातला एक सणच असतो, फक्त कॅलेंडरवाल्यांनी त्याला अजून लाल रंग दिलेला नाही. एप्रिलपासून मिटलेली कडी हटून बसते, तिला खोबरेल तेल घालून मनवावं लागतं. रुळांत साचलेली वाळू जुन्या टूथब्रशनं खरवडावी लागते. मग काच सरकते आणि सहा महिने जे नुसतं दिसत होतं ते ऐकू यायला लागतं. खालच्या ग्रोसरीवाल्याच्या सायकलची घंटा, समोरच्या टॉवरमधल्या बाळाचं रडणं, दुबईकडे निघालेल्या गाड्यांची कुरकुर, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. याला हिवाळा म्हटलं की पुण्याचे नातेवाईक फोनवर हसतात. हसोत बापडे. इथला ऑगस्ट ज्यानं अंगावर काढलाय त्यालाच या एवढ्याशा गारव्याची किंमत कळते.

खिडकी उघडली की मला तापलेल्या लोखंडाचा वास येतो. खालून येत असतो तो बिर्याणीचा आणि डिझेलचा, हे मला माहीत आहे. पण तीन वर्षांपूर्वीचा तो अख्खा हिवाळा माझ्या नाकात असा काही बसलाय की पहिल्या गार झुळकेबरोबर तो वास आपला आपण हजर होतो, आणि त्याच्यामागून ठिणग्या, धुकं, तिळगूळ, पॉलिश पेपरची खसखस अशी सगळी वरात. त्या हिवाळ्यात माझ्या बायकोनं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एक मोटारगाडी बांधली. बांधली म्हणजे घर बांधतात तशी, पायापासून. मी ते पाहिलं. माझं त्यातलं काम मुख्यतः पाहण्याचंच होतं, आणि आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच असावं.

माझी बायको मीनल डेंटल टेक्निशियन आहे. लोकांना वाटतं दातांची डॉक्टर. डॉक्टर तोंडात डोकावतात. त्यांच्या मागे, लॅबच्या ट्यूबलाइटखाली, पडलेल्या दाताच्या जागी बसणारा नवा दात घडवणारी माणसं वेगळी असतात. वीस-बावीस वर्षं तिनं मेणात दात कोरले, ते धातूत ओतले, घासले, चकाकवले. दुबई-शारजातली किती माणसं तिच्या दातांनी जेवतात याचा हिशेब नाही. हॉटेलात पलीकडच्या टेबलावर कुणी मोठ्यानं हसलं की ती मान वळवायची आणि मला हळूच सांगायची, "वरचा डावा सुळा माझा."

मग लॅबमध्ये मशीन आलं. तोंडाचा फोटो थेट स्क्रीनवर यायला लागला, स्क्रीनवर दात फिरवायचा, बटण दाबायचं, पलीकडे मशीन पांढऱ्या ठोकळ्यातून तो कोरून देतं. मीनलला स्क्रीनसमोर बसवलं. पगार तोच, वेळ तीच, शिवाय कपड्यांना मेण लागत नाही. मला वाटलं, चला, बरं झालं. मी दुबईत देऱ्यातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात जहाजांची कागदपत्रं करतो. माझ्या हातांनी कीबोर्डपलीकडे काही केलेलं नाही, त्यामुळे हातांना काही लागतं हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ती शंकरपाळ्या करत होती. मी स्वयंपाकघरात डोकावलो तर पोळपाटाच्या कडेला पिठाची एक दाढ उभी होती. हुबेहूब. वरचे उंचवटे, मधली घळ, खालची निमुळती मुळं, सगळं. मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "बघा ना, आपोआप झालं. हात रिकामे झालेत हो माझे." आणि ती दाढ तिनं पुन्हा पिठात मळून टाकली. मला त्या वाक्याचा अर्थ कळायला पुढचे जवळजवळ चार महिने लागले.

त्याच आठवड्यात आम्ही अल मजाजला खाडीकाठी फिरायला गेलो होतो. मी आणि आमची लेक इरा कणसं खात होतो. ती तेव्हा अकरावीत होती. मीनल मागे राहिली म्हणून वळून पाहिलं, तर ती पार्किंगमध्ये एका विचित्र गाडीभोवती फेऱ्या घालत होती. बुटकी गाडी, छत कापून कपाळावर ओढल्यासारखं, मडगार्ड नाहीत, बॉनेट नाही, इंजिन उघडंच, रंगाच्या नावानं शंख. आमच्या सोसायटीच्या वॉचमननं ही गाडी आत सोडली नसती. इरानं फोनवर शोधून सांगितलं, "इट्स अ हॉट रॉड, बाबा." पूर्वी अमेरिकेत खिशात पैसे नसलेली पोरं जुनी मोडकी गाडी घ्यायची, तिच्यावरचं अनावश्यक सगळं उतरवायची, छत कापून खाली आणायची, भंगारातलं मोठं इंजिन बसवायची आणि वाऱ्यासारखी पळवायची. काही लोक अजून तशाच बांधतात, जुन्या भागांतून, जुन्या रीतीनं. मीनलनं यातलं काही ऐकलं नाही. तिचं बोट दाराच्या कडेच्या सांध्यावरून फिरत होतं. "ही हातानं केलीय," ती म्हणाली. असा आवाज मी तिच्या तोंडून फक्त एकदा ऐकला होता, इरा झाली तेव्हा.

पाडव्याला तिनं मला ओवाळलं. मी देऱ्यात काम करतो, सोन्याचा बाजार ऑफिसपासून पाच मिनिटांवर, त्यामुळे ओवाळणीचा प्रश्न माझ्यासाठी सोपा असतो. खिशात छोटी डबी तयार होती. ती तबक हातात धरून म्हणाली, "अहो, सोनं परत करता येईल का? मला ग्राइंडर हवाय. लोखंड कापायचा."

"किती पडतो?" मी विचारलं.

"चांगला घेतला तर दोनशे दिरहम. म्हणजे साडेचार हजार रुपये धरा."

पाडव्याला सोनं परत करायला गेलेला त्या बाजारात बहुधा मी एकटाच. दुकानदारानं सहानुभूतीनं चहा पाजला. त्याला वाटलं असावं, भांडण झालंय.

गाडी मिळाली अल धैदच्या बाजूला, एका खजुराच्या शेतात. जपानी पिकअप, माझ्याएवढ्याच वयाची, बारा वर्षं जागची न हललेली. तिच्या केबिनमध्ये बकऱ्या झोपत. शेताचे मालक एक वृद्ध अरब गृहस्थ होते, बू सईद म्हणायचे त्यांना सगळे. त्यांनी गाडी फुकट दिली, वर खजुराचा खोका दिला. पुढेमागे गाडी ठेवायला जागा लागली तर शेतात ठेवाल का, असं मीनलनं विचारलं. रस्त्यावर चालवायची परवानगी असल्या गाडीला मिळणार नव्हती आणि आमच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये एकच गाडी मावते. बू सईद शेतातल्या इतर मेलेल्या गाड्यांकडे हात करून म्हणाले, "मरेला गाड़ी मेरे पास बहुत है. चलेगा तो लाओ, हमेशा रखो. नहीं चलेगा तो खलास, भंगार में दो."

आणि बांधायची जागा मिळाली खानसाहेबांच्या शेडमध्ये. खानसाहेब पेशावरकडचे, तीस वर्षं शारजात ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करताहेत. भलामोठा माणूस, मेंदी लावलेली दाढी, आणि बोटं इतकी जाड की मोबाइलवर एका वेळी दोन आकडे दाबले जायचे. त्यांनी कोपरा दिला, हत्यारं वापरायला दिली, पण मीनलला बाजी, म्हणजे ताई, म्हणत एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट केली. "बाजी, मार्च आख़िर में ये शेड टूटने वाला है. नोटिस आ गया. इकतीस मार्च तक गाड़ी अपने पैर पे निकल गई तो आपकी. नहीं निकली तो मेरे सामान के साथ कबाड़ में जाएगी. मेरे को बाद में बुरा मत बोलना."

तर असा मामला होता. नोव्हेंबर ते मार्च, सुट्टीचे दिवस आणि काही संध्याकाळी, एवढ्यात बकऱ्यांच्या झोपायच्या खोलीचं वाहन करायचं. झालं तर झालं. नाही झालं तर बटण दाबायला स्क्रीन होताच.

त्या हिवाळ्याचं मला दिसतं ते असं सलग दिसत नाही. एकदम एखादा तुकडा वर येतो. देऱ्याच्या ऑफिसात एखाद्या जहाजाच्या यादीत 'वापरलेले सुटे भाग' असं टाइप करताना मध्येच मला शारजाचा भंगारबाजार दिसतो. मैलभर नुसते अवयव. इथे दारांचा ढीग, तिथे स्टिअरिंगचा, एका दुकानात फक्त आरसे. मीनल त्या ढिगांतून मंडईत वांगी निवडावीत तशी हिंडायची. वजन बघायची, नखानं खरवडायची, कानाशी धरून टिचकी मारायची. तिचे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात लेथ चालवायचे, तेव्हा ही टिचकी माहेरची. इंजिन मिळालं एका पाण्यात बुडालेल्या व्हॅनमधलं. दुकानदार म्हणाला, हे चालणार नाही. मीनल म्हणाली, म्हणूनच परवडतंय. लॅबमधलं प्लॅस्टर, जुने ब्रश, उरलेलं मेण, जे फेकलं जाणार होतं ते ती विचारून घरी आणायची. नवीन काही विकत घ्यायचं नाही हा आमच्या खिशाचा नियम होता, पण हळूहळू तो तिच्या तत्त्वाचा नियम झाला. मी एकदा चकचकीत नवे आरसे आणले तर तिनं ते माझ्या समोर परत पिशवीत घातले.

छत कापायचा दिवस मात्र सलग आठवतो. पिकअपचं छत तीन इंच खाली आणायचं होतं. मला वाटलं, सोपं आहे, चारी खांब तीन-तीन इंच कापले की छत खाली. खानसाहेबांनी खडूनं रेघा मारल्यासुद्धा. मीनल म्हणाली, थांबा. घरी जाऊन तिनं केबिनचं प्लॅस्टरचं मॉडेल केलं, वीतभर उंचीचं, आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आणून आमच्यासमोर ते करवतीनं कापलं. तुकडा काढला आणि छत खाली टेकवलं. बसेना. पुढचा खांब जुळवला तर मागचा बाहेर राहतो, मागचा जुळवला तर पुढचा. खानसाहेब वाकून बघत राहिले.

"टोपीसाठी घासलेला दात बुंध्याशी रुंद असतो, वर निमुळता," मीनल मला समजावत होती, पण बघत होती त्यांच्याकडे. "मधून कापलात तर वरची टोपी खालच्या बुंध्यावर कशी बसेल? लहान पडणार. खांब तिरके आहेत. छत लांबवावं लागेल, मधोमध चिरून."

खानसाहेबांना मराठी कळत नव्हतं, पण प्लॅस्टर कळलं. त्यांनी फडक्यानं रेघा पुसल्या. मग दोघांनी मिळून छत आडवं कापलं, मध्ये पट्टी घातली, आणि संध्याकाळी क्रेनच्या साखळीवरून ते हळूहळू खाली यायला लागलं. शेजारच्या शेडमधली माणसं येऊन उभी राहिली होती. छत चारी खांबांवर एकाच वेळी टेकलं. 'टक्' असा एकच आवाज झाला. मी देवळात बराच गेलोय, पण अंगावर काटा येण्याचे प्रसंग मोजकेच. हा त्यातला एक.

आता संक्रांतीकडे यावंच लागेल. ते टाळून हा हिवाळा सांगता येत नाही, आणि सांगायला गेलं तर माझी शोभा होते.

जानेवारीच्या मध्याला गाडीचा सांगाडा तयार होता. केबिनवरचे रंगाचे सगळे थर मीनलनं खरवडून काढले होते, आत नुसता पांढराशुभ्र उघडा पत्रा. पुढच्या शनिवारी त्यावर तांबडा प्रायमर मारायचा होता. उघड्या पत्र्याला इथली दमट हवा एका रात्रीत खाते, म्हणून रोज निघताना त्यावर तेलाचा बोळा फिरवायचा असा तिचा कडक नियम होता. अशात संक्रांत आली. दरवर्षी आमच्याकडे हळदीकुंकू असतं. त्या वर्षी घरात बसायला जागा नव्हती. हॉलमध्ये सायलेन्सर होता. मीनलनं बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'यंदा हळदीकुंकू शेडमध्ये. काळी साडीच नेसा, डाग दिसत नाहीत.'

अकरा जणी आल्या. काळ्या चंद्रकळा, हलव्याचे दागिने, आणि आजूबाजूला ठोकठोक चाललेली. खानसाहेबांनी आदल्या दिवशी शेड झाडून घेतली होती, कुठूनशी एक सतरंजी अंथरली होती आणि स्वतः बाहेर स्टुलावर पाठ करून बसले होते, बायकांना संकोच नको म्हणून. मीनलनं वाण काय लुटावं? प्रत्येकीला एकेक पॉलिश पेपर. आणि म्हणाली, "दारावर थोडंथोडं घासून जा गं सगळ्या." अकरा बायका बांगड्या मागे सारून गाडीचं दार घासत बसल्या. एक बँकेत मॅनेजर, एक शाळेत गणित शिकवणारी. बांगड्यांचा आणि पेपरचा मिळून जो आवाज झाला तो मी नंतर कुठेही ऐकला नाही. जाताना एकीला सुचलं, गाडीला पण लावू या. मग प्रत्येकीनं पाण्यात भिजवलेल्या बोटांनी केबिनच्या कपाळावर हळदीकुंकू लावलं. बाहेरून खानसाहेब म्हणाले, "मुबारक हो, बाजी." सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही.

मीनल बायकांना सोडायला निघाली. गाडीत बसताना मला म्हणाली, "अहो, तेलाचा बोळा फिरवून शटर ओढा. विसरू नका."

मी विसरलो नाही. हाच तर मुद्दा आहे. मी बोळा तेलात बुडवला, केबिनसमोर उभा राहिलो, आणि माझा हात पुढे जाईना. कपाळावर बावीस बोटं, अकरा हळदीची, अकरा कुंकवाची. कुंकू पुसायचं? संक्रांतीच्या दिवशी, सवाष्णींनी लावलेलं, माझ्या बायकोच्या गाडीचं? मी बी. कॉम. आहे, राशिभविष्य वाचत नाही, मांजर आडवं गेलं तर मांजराची चौकशी करतो. पण लहानपणापासून 'कुंकू पुसू नये' हे आई असं काही सांगायची की ते हाडात गेलंय. वाढलंय म्हणतात, पुसलंय म्हणत नाहीत. मी स्वतःची समजूत घातली, एका रात्रीनं काय होतंय. बाकी सगळीकडे तेल फिरवलं, कपाळ तेवढं सोडलं, शटर ओढलं.

त्या रात्री शारजात धुकं पडलं. सकाळी समोरचा टॉवर दिसत नव्हता. धुकं दोन दिवस हटलं नाही, आणि त्या दोन दिवसांत आम्ही शेडकडे फिरकलो नाही, कारण मी घरी गेल्यावर 'झालं का?' या प्रश्नाला 'झालं' असं उत्तर दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी शटर वर गेलं. केबिनच्या कपाळावर बावीस बोटं गंजानं उमटली होती. प्रत्येकाखालून ओघळ निघून खाली काचेच्या कडेपर्यंत गेलेला, आणि तिथून गंज सांध्यांत शिरलेला. मीनलनं बोट लावून पाहिलं. पत्र्याला खड्डे पडले होते.

इरानं माझ्याकडे बघितलं. "बाबा. यू हॅड वन जॉब."

मी सगळं खरं सांगितलं. कुंकवाचंही सांगितलं. खानसाहेबांना कुणीतरी भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि माझी बाजू घेत म्हणाले, "अच्छी नीयत से किया है, बाजी." मीनलनं एका खड्ड्यावरून नख फिरवलं. मला वाटलं, आता रडेल किंवा आरडाओरडा करेल. दोन्हींची माझी तयारी होती. ती म्हणाली, "दाताला कीड लागली की आपण ती काढतो. तिची पूजा नाही करत." आणि माझ्या हातात पॉलिश पेपर ठेवला.

चार आठवडे गेले त्यात. चार आठवडे, जेव्हा एकेक दिवस मोजून ठेवलेला होता. सांधे पुन्हा उघडावे लागले, खड्डे भरावे लागले, सगळं पुन्हा पांढरं करावं लागलं. मी रोज ऑफिसातून मेट्रोनं, मग बसनं थेट शेडवर यायचो आणि घासायचो. त्याच दिवसांत मला तिच्या वाक्याचा अर्थ कळला. आठवडाभरात माझ्या बोटांची कातडी गेली, दुसऱ्या आठवड्यात नवी आली, आणि तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवताना मला एक उंचवटा लागला. डोळ्यांना न दिसणारा, केसाएवढा. मी मीनलला हाक मारली. तिनं तिथे बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "लागला तुम्हाला?" तिला एवढा आनंद झालेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. माझ्या हातांना पंचेचाळिसाव्या वर्षी एक गोष्ट कळली होती. तिच्या हातांना अशा लाखो गोष्टी कळत होत्या, आणि त्या सगळ्या आता एका बटणामागे बसल्या होत्या. मी तिथेच सतरंजीवर बसलो. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला दिसलं नव्हतं याची लाज वाटली, आणि दिसलं याचं अप्रूपही.

मार्च कसा गेला ते सांगता येत नाही. पाडव्याला गुढी उभारली ती शेडमध्येच, दुसऱ्या दिवशी रमजान लागला. खानसाहेब रोजा धरून वेल्डिंग करत होते आणि त्यांच्यासमोर पाणी प्यायचं नाही म्हणून मीनलही दिवसभर पीत नव्हती. इंजिन एकदा सुरू झालं, मग चार दिवस झालं नाही, मग पुन्हा झालं. तिसाव्या तारखेला शेडमधलं सगळं सामान ट्रकमधून गेलं. हत्यारं, कपाटं, खिळ्या-बोल्टांचे डबे. राहिली नुसती फरशी आणि तिच्यावर मधोमध तांबडी, बुटकी, कपाळ खाली ओढलेली ती.

एकतीस मार्च, दुपारचे साडेचार. गाडी वाहून नेणारी रिकव्हरी फाटकाशी येऊन उभी होती, फळी खाली टाकून. शेडच्या आतून त्या फळीपर्यंत चाळीस पावलं. मी आदल्या दिवशीच मोजली होती. तेवढं अंतर गाडीनं स्वतः जायचं होतं. मीनल आत बसली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, आणि रिकामी शेड असली दणाणली की इरानं कानांवर हात ठेवले. मीनलनं क्लच दाबला. 'कट्' असा आवाज आला आणि पेडल जमिनीला टेकलं ते वर येईना.

पेडलला पुढच्या दांड्याशी जोडणारी पिन तुटली होती. बोटाच्या पेराएवढी पिन. कालपर्यंत या शेडमध्ये असल्या हजार पिना होत्या. आता आजूबाजूची सगळी शटरं बंद, रोजा सुटायची वेळ जवळ येत चाललेली. रिकव्हरीवाल्याच्या डब्यात दोन बोल्ट निघाले, एक जाड, एक बारीक. तो घड्याळ दाखवत म्हणाला, "यल्ला, धक्का मारके चढ़ाते हैं ना. कौन देखता है?"

खरंच कुणी बघणार नव्हतं. बू सईद पन्नास किलोमीटर लांब होते. खानसाहेबही मान डोलावत होते, थकले होते बिचारे. मी बाह्या सरसावल्या. इरा मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मीनल म्हणाली, "हात लावू नका कुणी."

ती आमच्या गाडीकडे गेली आणि डिकीतून एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आली. त्या आठवड्यात लॅबमधली लाकडी टेबलं काढून तिथे दुसरं मशीन आणत होते, आणि सगळ्यांना आपापले ड्रॉवर रिकामे करायला सांगितलं होतं. बावीस वर्षांची तिची हत्यारं त्या खोक्यात होती. तिनं त्यातून मेण कोरायचा चाकू काढला. पोलादी, पेन्सिलीएवढा, दोन टोकांना दोन पाती. डिप्लोमाला मुंबईला निघाली तेव्हा वडिलांनी स्वतः लेथवर त्याचा दांडा कातून दिला होता. मधोमध, जिथे अंगठा टेकतो, तिथे पोलादाला खळगा पडला होता.

तिनं दांडा पिनेच्या भोकाशी धरून पाहिला.

"मीनल, हा नको," मी म्हणालो.

"मापाचा आहे," ती म्हणाली.

रिकव्हरीवाल्याकडून करवतीचं पातं घेतलं, फडकं गुंडाळून हातात धरलं आणि फरशीवर मांडी घालून ती चाकू कापायला बसली. पंधरा मिनिटं तोच एक आवाज. तुकडा पडला. दोन्ही टोकांना खोक्यातल्या कानशीनं खाच केली, तिथलीच दात बांधायची बारीक तार काढली, गाडीखाली शिरली, पिन बसवली, तारेनं दोन्हीकडून आवळली. बाहेर आली तेव्हा हाताला दोन ठिकाणी रक्त होतं. तिनं ते साडीला पुसतात तसं पॅन्टला पुसलं आणि आत जाऊन बसली.

इंजिन लागलं. क्लच खाली गेला, वर आला. आणि ती गाडी हलली. मी शेजारून चालत होतो, पावलं मोजत. दहा. वीस. उन्हात आल्यावर तांबडा रंग एकदम पेटला. तीस. खानसाहेब दोन्ही हात पुढे धरून उलटं चालत होते, लेकरू चालायला लागल्यावर आपण चालतो तसे. चाळिसाव्या पावलाला पुढची चाकं फळीवर आली, इंजिनाचा आवाज खोल गेला, क्षणभर ती थांबली असं वाटलं, आणि मग चढली. मीनलनं चावी फिरवली. एवढी शांतता झाली की रिकव्हरीवाल्याच्या केबिनमधलं घड्याळ ऐकू आलं. तो खाली उतरला, वर जाऊन गाडीला साखळ्या बांधायच्या आधी त्यानं दोन्ही हात आपल्या सदऱ्याला पुसून घेतले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अल धैदच्या रस्त्यावर आम्ही रिकव्हरीच्या मागेमागे होतो. इरा मागच्या सीटवर झोपली होती. समोर वाळूवर संध्याकाळ उतरत होती, आणि तिच्यापुढे ती तांबडी पाठ हलत होती. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबांचा चाकू गेला गं."

मीनलनं आपले हात मांडीवर उघडून पाहिले, काळे, कापलेले, ग्रीसनं माखलेले. "गेला कुठे?" ती म्हणाली. "आठ महिने ड्रॉवरमध्ये पडून होता बिचारा. आज कामाला लागला."

त्या हातांना मी तिथेच वाकून नमस्कार केला असता, पण गाडी मी चालवत होतो.